मुकादमाच्या मुलाचे मनगट

११ जानेवारी, गुरुवार. सकाळी आठला हमाल आले. दुपारपर्यंत पलंग, दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि पुस्तकांची खोकी तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचली. यांचे लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले. ते सोडवताना मुकादमाच्या मुलाचे मनगट मोडले. कपाटाला ओरखडाही नाही. कपाट खाली भिंतीला लागले, त्याचे चार खण मात्र वरच राहिले. संध्याकाळी दूध नासले.

बिऱ्हाड हलवणाऱ्या बाईंनी आपल्या रोजनिशीत एवढेच लिहिले. कपाटाला ओरखडा आला नाही, याचाच मुकादमाला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

मुकादम म्हणजे हमालांच्या एका लहानशा टोळीचा म्होरक्या. लोकांची बिऱ्हाडे एका घरातून उचलायची आणि दुसऱ्या घरात नेऊन लावायची, हा त्याचा धंदा. वय साठीकडे झुकलेले, मान आखूड, पाठ ताठ. टोळीत एक दोरवाला होता. त्याने मारलेली गाठ हत्तीलाही सुटली नसती. दुसरा होता पैलवान. तो टोळीतला सगळ्यात किडकिडीत आणि सगळ्यात तोंडाळ, म्हणूनच त्याचे नाव पैलवान.

मुकादमाचा बापही हमालच. शेवटच्या वर्षांत त्याची पाठ अशी वाकली, की जेवताना त्याला समोरच्या माणसाचे तोंड दिसत नसे, फक्त ताट दिसे. पाणी हवे असले तर तो जमिनीकडे बघून मागायचा. मुकादमाला मुलगा झाला तेव्हा त्याने बायकोला सांगून टाकले, "हा ओझं उचलणार नाही. एक काडीसुद्धा नाही."

लोक दारू सोडल्यावर जसा नेम पाळतात, तसा त्याने हा नेम पाळला. मुलगा दहावीला जाईपर्यंत त्याचे दप्तर मुकादमाच्या खांद्यावर असायचे. पोर मोकळ्या हाताने पुढे आणि हा मागे, खांद्यावर चित्रविचित्र रंगांची पिशवी. टोळीतले म्हणायचे, "मुकादम, हे ओझं कुणाचं? भाडं ठरलंय ना?" घरी पाण्याची बादली मुलाच्या आईने भरायची. बाजारातल्या पिशव्या आईनेच आणायच्या. शाळेत मास्तरांनी पोराचे नाव धावण्याच्या शर्यतीत घातले, तर मुकादम कामावरच्या कपड्यांनिशी शाळेत गेला आणि म्हणाला, "नाव काढा. पडला-बिडला, हात मोडला, तर लिहिणार कोण?"

मुलगा अकरा वर्षांचा असताना एकदा सुट्टीत बापाचे काम बघायला गेला होता. फाटकाशी एक लहानशी ट्रंक ठेवलेली होती. पोराने ती दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली आणि ओरडला, "बाबा, बघा!" मुकादम आला आणि त्याने पोराच्या थोबाडीत मारली. पोराने ट्रंक खाली ठेवली, पण टाकली नाही. नीट ठेवली. ते मुकादमाला तेव्हा दिसले नव्हते. दिसले ते पुढे, फार उशिरा.

मुलगा शिकला. एका कचेरीत बसून कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढू लागला. सकाळी नऊला खुर्चीत बसायचा, तो अंधार पडल्यावर उठायचा. मुकादमाला जग जिंकल्यासारखे झाले. चहाच्या टपरीवर मुलगा भेटला, की तो त्याचा हात धरून तळवा सगळ्यांपुढे उलटा करायचा. "बघा, हात बघा. लोणी आहे लोणी." मुलगा हात सोडवून घ्यायचा. मुकादमाला वाटायचे, लाजतोय.

त्या गुरुवारी कचेरीला सुट्टी होती. मुकादम डबा घरी विसरला होता, तो द्यायला मुलगा आला. जिन्यात कपाट अडकलेले. वर मुकादम आणि दोरवाला, खाली पैलवान आणि गाडीचा ड्रायव्हर. मुलाने मान वर करून क्षणभर बघितले.

"बाबा, वरचं टोक भिंतीकडे कलवा. मग वळेल."

"साहेब, कागदावर सगळंच वळतं," पैलवान घामाघूम होऊन म्हणाला. "इथे या, जरा हात लावा."

"अरे, त्याला कशाला..." मुकादम म्हणाला. पण त्याच्याच छातीवर भार होता, आवाज निम्माच बाहेर आला. मुलाने डबा पायरीवर ठेवला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कपाटाच्या खालच्या कडेला हात घातला. मुकादमाने वरचे टोक कलवले. कपाट वळले. मुलाने सांगितले होते तसेच, अगदी गोडीत वळले. आणि वळताना मुलाचा पाय एका पायरीवरून सुटला. तो मागे बसला, हात टेकून. खुर्चीवरून घसरलेला माणूस पडतो, तेवढाच पडला.

आवाज असा झाला की पैलवानाने आधी दोराकडे बघितले.

मुलगा मनगट धरून बसला होता. चेहरा पांढरा पडलेला. हात जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. मुकादम वरून खाली आला, त्याने ते बघितले, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

"एवढ्यानं?"

तीन माणसे उभी होती. सगळ्यांनी ऐकले. तळमजल्यावर, दाराशी उभ्या असलेल्या बाईंनीही ऐकले. मुलाने बापाकडे बघितले आणि मान खाली घातली. मुकादमाला त्या क्षणी खरोखर लाज वाटली होती, ती मुलाची. टोळीसमोर. स्वतःची वाटायला अजून अवकाश होता.

प्लास्टर घातले. हाडांच्या डॉक्टर बाई होत्या, पोक्त, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी विचारले, "किती उंचावरून पडला?"

"एका पायरीवरून," मुलगा म्हणाला.

"आणि वय?"

"चोवीस."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. या वयात एवढ्याशा पडण्याने हाड मोडत नाही, म्हणाल्या. रक्त तपासून घ्या आणि हाडांची घनता मोजणारी एक तपासणी करून या.

दोन आठवड्यांनी बापलेक कागद घेऊन पुन्हा गेले. मुकादम बाहेर बसणार होता, पण डॉक्टरांनी आत बोलावले.

"तुमच्या वयाला जेवढी असायला हवी, त्यापेक्षा हाडांची घनता बरीच कमी आहे," डॉक्टर मुलाला म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचे एक यंत्र पुढे केले. मूठ दाबली की काटा सरकतो, असे. "चांगल्या हातात धरा. जोर लावून दाबा."

मुलाने दाबले. मानेच्या शिरा ताणल्या. काटा थोडा सरकला आणि दमल्यासारखा थांबला.

"हं," म्हणत डॉक्टर लिहू लागल्या.

मुकादमाला काय वाटले कोण जाणे. आयुष्यभर वस्तू दिसली की हात पुढे जायचा, तसा गेला. "मी बघू?" म्हणाला. डॉक्टर लिहिता लिहिता हो म्हणाल्या. त्याने यंत्र मुठीत घेतले आणि दाबले. काटा पळाला. पार दुसऱ्या टोकाकडे गेला. मुकादम मोठ्याने हसला. टोळीत पैज जिंकल्यावर हसायचा तसा, दात दाखवून. "बघा डॉक्टर, अजून आहे की नाही!"

हसता हसता त्याची नजर मुलाकडे गेली.

मुलगा काट्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या तळव्याकडे बघत होता, ज्याला मुकादम लोणी म्हणायचा त्याकडे. मुकादमाने यंत्र टेबलावर ठेवले. ते ठेवताना वाजले. खोली फार लहान आहे असे त्याला वाटले.

"हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे," डॉक्टर सांगत होत्या. "ते जिवंत असतं. स्नायू त्याला ओढतो, शरीराचा भार त्याच्यावर पडतो, धावताना, उड्या मारताना त्याला हिसके बसतात. मग ते स्वतःला दाट करून घेतं. ओढणारंच कुणी नसेल, तर ते कशाला मेहनत घेईल? लहानपणापासून विशीपर्यंत ही भर जोरात पडते. तिशीच्या सुमारास ती थांबते. पुढे आहे ते सांभाळायचं." त्यांनी कागद उलटला. "रक्तात दुसरा आजार काही दिसत नाही. काहींची हाडं जन्मतःच थोडी बारीक असतात, तसंही असेल. ड जीवनसत्त्व कमी आहे, त्याची गोळी देते. पण गोळी काही तुमच्यासाठी जिने चढणार नाही. शाळेत कुठला खेळ खेळायचात?"

मुलगा प्लास्टरची कड चाचपू लागला.

"धावणं? पोहणं? घरात उचल-ठेव?"

मुकादमाच्या घशाशी आले होते. मी खेळू दिला नाही. मी दप्तर वाहिलं. ट्रंक उचलली म्हणून मी मारलं. त्याने तोंड उघडलेही. तेवढ्यात मुलगा शांतपणे म्हणाला,

"मलाच आवड नव्हती. बाबा सारखे सांगायचे, बाहेर जा, खेळ. मी ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मुकादमाकडे बघून मान हलवली. बिचारे वडील, असे त्या नजरेत होते. मुकादमाने ती नजर घेतली. परत केली नाही. तोंड मिटले आणि गप्प बसून राहिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गाडी करू?"

"नको. चालायला सांगितलंय."

घर येईपर्यंत दोघे चालले. मुलगा पुढे, मुकादम मागे, खांद्यावर मुलाची पिशवी. ती केव्हा आपल्या खांद्यावर आली, ते त्याला घराच्या दाराशी कळले.

बायकोने सगळे ऐकून घेतले. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. "दप्तर वाहिलंत," ती म्हणाली, "आता हाडंही तुम्हीच वाहा त्याची."

"मी त्याच्या भल्यासाठीच..."

"मी कुठे म्हणतेय वाईटासाठी? आणि तुम्हाला एकट्याला कशाला बोलू, बादल्या तर मीच भरत होते. मलाही बरंच वाटायचं, साहेबाची आई म्हणून."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. आतून निघालेला हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा होता, काटकुळा आणि कोंडा धरलेला. आधी रबरी चेंडू दाबायचा, मग पाण्याची बाटली उचलायची, मग जिने, मग हळूहळू वजन, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ठरवून दिले. मार्चच्या अखेरीस एका सकाळी मुलाने मोरीतली अर्धी बादली उचलली. मुकादम दाढी करत होता. त्याने वस्तरा ठेवला, फेस लावलेल्या तोंडाने उठला आणि बादली मुलाच्या हातातून घेतली. विचार केला नाही. हातच गेला.

"बाबा, द्या ती."

"अरे, मनगट अजून..."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"हो, पण आज राहू दे. उद्यापासून."

मुलगा मोरीतून बाहेर आला. हात पुसले, आत गेला. त्या दिवसापासून तो बापासमोर काहीच उचलीना. पेलासुद्धा बाप खोलीत असला की टेबलावरच राहायचा. लागेल तेवढे बोलायचा, त्यापुढे नाही.

मग एप्रिलमध्ये संध्याकाळी छतावरून धप् धप् असा आवाज येऊ लागला. मुकादम चहा घेत बसलेला असायचा. "शेजाऱ्यांची पोरं गच्चीत फार माजलीत," तो एक दिवस म्हणाला. "छत खाली आणतील."

"शेजाऱ्यांना पोरं नाहीत," बायको म्हणाली. "तुमचं पोर आहे ते. दोरीच्या उड्या मारतोय."

"मग गच्चीत कशाला? खाली अंगण आहे की."

बायकोने त्याच्याकडे बघितले. "तुमच्यासमोर मारायची लाज वाटते त्याला. तुम्ही हसाल, नाहीतर दोरी काढून घ्याल."

मुकादमाने कप खाली ठेवला. वर धप् धप् चालू होते. मध्येच दोरी पायात अडकायची, थोडा वेळ काही ऐकू यायचे नाही, मग पुन्हा. दर वेळी थांबले की मुकादम मान वर करून छताकडे बघायचा, आणि पुन्हा सुरू झाले की खाली घालायचा. वर जावे असे त्याला वाटले. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलाही. तिथे उभा राहिला आणि परत आला. वर जाऊन काय तोंड दाखवायचे?

दरम्यान कपाटवाल्या बाईंचे खण तिसऱ्या मजल्यावरच पडून होते. मुकादमाने आयुष्यात अर्धे टाकलेले हे एकच काम. बाईंनी दोनदा निरोप धाडला. त्याने पैलवानाला पाठवले, तर बाईंनी त्याला दारातूनच परतवले. "चारही खण दिसायला सारखे, पण एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. मुकादमांनी काढलेत, त्यांनीच लावायचे." ते खरेच होते. खणांच्या पाठीला खडूने खुणा केलेल्या असायच्या, आणि त्या मुकादमाच्या बापाने शिकवलेल्या. दुसऱ्या कुणाला त्या उमगत नसत. पण मुकादमाला तो जिना नको झाला होता. ते वळण आठवले की तो शब्द आठवायचा.

एका रविवारी सकाळी तो मुलाच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. मुलगा कॉम्प्युटरवर एक जिना काढत होता. मुकादम तो जिना बघत राहिला.

"बाईंचे खण आणायचेत," तो म्हणाला. "येतोस?"

"मी येऊन काय करू?"

मुकादमाने पडद्यावरच्या जिन्यावरून नजर काढली.

"उचल."

मुलगा खुर्ची फिरवून बापाकडे बघत राहिला. थट्टा नाही, एवढी खात्री झाल्यावर उठला.

पैलवान आणि दोरवाला खाली फाटकाशीच होते. पलीकडच्या इमारतीत त्यांचे काम चालू होते. मुलाला बघून पैलवानाला राहवले नाही. दोरवाल्याला घेऊन तोही पाठोपाठ जिना चढला. वर, रिकाम्या खोलीत खण एकावर एक रचलेले होते. जाड लाकडाचे, पितळी कड्यांचे.

"काय साहेब," पैलवान दारातून म्हणाला, "आज विमा उतरवून आलात ना? की लोणी घरी ठेवून आलात?"

दोरवाला फिस्सकन हसला. मुलानेही ओठ हलवले, हसल्यासारखे करायला. मुकादम खणांच्या खुणा बघत वाकला होता. तो सरळ झाला.

"हसू नका," तो म्हणाला.

"अहो, गमतीनं..."

"हा उचलत नव्हता, कारण मी उचलू देत नव्हतो. अकरा वर्षांचा होता. ट्रंक उचलली म्हणून मी याच्या थोबाडीत मारली. शाळेत जाऊन याचं नाव शर्यतीतून काढलं. आणि डॉक्टरांसमोर हा खोटं बोलला. म्हणाला, मलाच आवड नव्हती. मी तिथे बसलो होतो. गप्प बसलो." तो थांबला. "आणि जिन्यात काय म्हणालो ते तुम्ही ऐकलंच आहे."

कुणी कुणाकडे बघेना. दोरवाल्याने खांद्यावरचा दोर काढला आणि विनाकारण पुन्हा गुंडाळला. मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. चारचौघांत असे बोललेले त्यालाही झेपत नव्हते.

"बाबा, बास," तो हळू म्हणाला. "कुठला आधी न्यायचा, ते सांगा."

"हा. सगळ्यात वरचा. हलका आहे." मुकादमाने वरच्या खणावर बोट ठेवले. "कमरेतून वाकू नको. गुडघ्यात वाक. अंगाशी धर, अगदी पोटाशी. लांब धरलास की दुप्पट होतो."

मुलगा वाकला आणि त्याने खण पोटाशी धरला, अकराव्या वर्षी ट्रंक धरली होती तसा. उठताना त्याचे हात थरथरले. मुकादमाचे दोन्ही हात पुढे गेले. मग त्याने ते मागे घेतले आणि पाठीशी एका हाताने दुसऱ्याचे मनगट पकडून ठेवले.

जिन्यात तो मुलाच्या पुढे, खालच्या पायरीवर उलटा उतरू लागला. पडलाच तर झेलायला.

"बाबा, बाजूला व्हा. मला पायरी दिसत नाहीये."

मुकादम भिंतीला चिकटला. मुलगा त्याच्या अंगावरून पुढे गेला. वळणावर तो थोडा थांबला, खण जरा कलवला, आणि वळला. मुकादम मागून उतरत होता, रिकाम्या हातांनी. त्या हातांचे काय करायचे ते त्याला कळत नव्हते.

चौथा खण सगळ्यात जड. तो खाली आणेपर्यंत मुलाचा शर्ट पाठीला चिकटला होता. मनगट दुखते का, असे बाईंनी विचारले, तर तो म्हणाला, "थोडं." मुकादमाने गुडघे टेकून खुणा बघत खण एकेक आत सरकवले. त्याच्या डोळ्यांत खडूची पूड गेली असावी. तो बराच वेळ कपाटातच तोंड घालून बसला होता. मुलगा शेजारी उभा होता. बाईंनी दोघांना पाणी दिले. दोघांनी ते उभ्या उभ्या प्यायले, एकमेकांकडे न बघता. जाताना मुकादमाने कोपऱ्यात ठेवलेला आपला दोर खांद्यावर टाकायला उचलला. मुलाने हात पुढे केला. मुकादमाने दोर त्याच्या हातात दिला.

२८ एप्रिल, रविवार. चारही खण बसले. सगळ्यात खालचा घट्ट सरकतो. उद्या मेणबत्ती घासायची.